ओटीटीवरचं स्मरणरंजन आणि आज्जीचं रामायण

(ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.)

आज पाहुणे नाहीत. मी गावी आलोय, इस्लापूरला, आणि इथल्या नेटवर्कवर कुणाला ऑनलाइन बोलवायची माझी हिंमत नाही. त्यामुळे हा भाग एकट्याचा. मागे अधूनमधून ट्रॅक्टरचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या.

ज्यांना इस्लापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदेड जिल्हा, किनवट तालुका, शेजारी सहस्रकुंडचा धबधबा, पलीकडे पैनगंगा आणि यवतमाळ. आदिलाबादही जवळच. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा आहे ना, त्यात आमच्या गावाचं नाव आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात जाईल, असं त्यात लिहिलंय. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्क्रीनशॉट काढून सगळ्या मित्रांना पाठवला होता. कारण आमचं नाव छापलेलं दिसणं ही तशी दुर्मिळ गोष्ट. सिनेमा-सिरीयलमध्ये तर नाहीच. आणि आजचा विषय तोच आहे. ओटीटीवर जुन्या दिवसांच्या आठवणींचं जे पीक आलंय, त्यात नक्की कुणाचे जुने दिवस आहेत?

सुरुवात मार्च २०२० पासून करतो. लॉकडाऊन लागायच्या चार-पाच दिवस आधी मी पुण्याहून बॅग घेऊन घरी पोचलो होतो. पुढे कित्येक महिने इथूनच काम. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामायण परत दाखवायला सुरुवात केली. सकाळी नऊला आणि रात्री नऊला. आठवत असेल तुम्हाला, सगळ्या ग्रुपवर तेच चालू होतं. एक टीव्ही, अख्खं गाव समोर, रस्ते ओस पडायचे, लोक टीव्हीला हार घालायचे, वगैरे वगैरे.

आमच्या घरात ज्यांनी १९८७ मध्ये खरोखर रामायण बघितलं होतं त्या फक्त आज्जी. मी मोठ्या उत्साहात म्हटलं, आज्जी, तुमचं रामायण लागलंय. प्लास्टिकची खुर्ची टीव्हीसमोर ठेवली, आवाज मोठा केला. तर त्या म्हणाल्या, "मी कुठं बाबू एवढ्या समोरून बघितलं व्हतं."

मग ते सगळं निघालं. तेव्हा आज्जी-आजोबा नांदेडला होते, कामासाठी. आजोबा हमाली करायचे आणि आज्जी तीन घरची धुणीभांडी. त्यातल्या एका घरी टीव्ही होता. भांडी घासायची मोरी मागच्या अंगणात. मागचं दार, मग स्वयंपाकघर, मग मधलं दार आणि त्या पलीकडे बैठकीच्या खोलीत टीव्ही. रविवारी साडेनऊला रामायण लागायचं तेव्हा आज्जी मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर बसायच्या. दोन दारांच्या मधून पडद्याची एक पट्टी दिसायची. म्हणजे राम जर पडद्याच्या उजवीकडे उभा राहिला तर आज्जींच्या नशिबी फक्त सीता. आतमध्ये शेजारपाजारची पंचवीस-तीस माणसं बसलेली असायची. आज्जींना कुणी "आत ये" म्हटलं नाही आणि आज्जींनीही विचारलं नाही. का नाही, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी हे ऐकून तावातावाने बोलायला लागलो. बाबा नुसते बघत होते. आज्जी शांत. आणि गंमत सांगतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आज्जी रामायणाला कंटाळल्या. "लई हळू चालतं रे हे. दुसरं लाव काही." मी म्हटलं, अहो, इतक्या वर्षांनी समोरून बघायला मिळतंय! तर म्हणाल्या, "त्या दारातनंच बरं वाटायचं."

मी विचारलं, कामून?

"तेवढा येळ भांडे घासा लागत नव्हते ना. बाई सोता बसलेली रहायची टीव्हीपुढं. कोन म्हननार, ऊठ म्हनून?"

माझ्याकडे यावर काही बोलायला नव्हतं. आत्ताही फारसं नाही. पण ओटीटीवर कुठलीही जुन्या काळाची मालिका लागली आणि त्यात तो ठरलेला सीन आला, एक टीव्ही आणि समोर सगळी गल्ली, की मी आता कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघतो. तो कायम घराच्या आत असतो. कधी टीव्हीच्या बाजूने लोकांच्या चेहऱ्यांवर, कधी लोकांच्या मागून टीव्हीवर. मागच्या दारात ठेवलेला मी अजून तरी पाहिला नाही.

आता थोडं मालिकांबद्दल बोलू. 'ये मेरी फॅमिली' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली असेल. टीव्हीएफची, २०१८ ची. जयपूर, १९९८ चा उन्हाळा, बारा वर्षांचा पोरगा, आईच्या भूमिकेत मोना सिंग. पुढचा सीझन १९९५ चा हिवाळा, लखनौ. मी पहिला सीझन पुण्यात पीजीमध्ये बसून एका रात्रीत संपवला आणि शेवटी रडलो. कूलर, कॉलनीतलं क्रिकेट, वाढदिवसाला मित्र बोलावणं, वडिलांची स्कूटर. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना डोक्यात आलं, अरे, माझ्याकडे यातलं काय होतं? कॉलनी नव्हती. कूलर नव्हता. वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर होता, एक जून. बाबांकडे सायकल होती. मग मी रडलो कशासाठी?

हे असं नंतर पुष्कळदा झालं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' घ्या. दिलीप प्रभावळकर, केदार शिंदेंचं दिग्दर्शन, २००१ पासून अल्फा मराठीवर. आमच्याकडे तेव्हा केबल नव्हती, डीडी आणि सह्याद्रीवर भागायचं. मी टिपरे पहिल्यांदा बघितलं ते २०१९ मध्ये यूट्यूबवर. आणि तरी आबा, शेखर, श्यामल, शिऱ्या, शलाका ही माणसं पडद्यावर आली की मला "आपलं लहानपण" असं वाटतं. मित्रांमध्ये मी बोलतोही तसंच. खोटं बोलतोय असं नाही. ती उसनी आठवण आहे, पण इतकी वापरलीय की आता माझीच झालीय. मालिका अप्रतिम आहे, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात कहर म्हणजे 'पंचायत'. ३ एप्रिल २०२० ला ती आली. मी इस्लापुरात, गच्चीवर एका कोपऱ्यात रेंज यायची तिथे पाणीटाकीला टेकून बसलोय, मोबाइलवर फुलेरा गाव बघतोय, आणि मनात येतंय की यार, अशा एखाद्या गावात जाऊन राहायला पाहिजे. खाली माझं स्वतःचं गाव. खालून बाबा ओरडतायत, मोटर चालू कर म्हणून. आणि मी म्हणतोय, थांबा ना, एवढा सीन बघू द्या.

आता माझ्या धंद्याची बाजू. मी सॉफ्टवेअरवाला आहे. ओटीटी कंपनीत काम करत नाही, पण माणसाला पुढे काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणा कशा चालतात ते रोजच्या कामामुळे माहीत आहे. नवीन मालिका म्हणजे जुगार. कोण बघेल, किती बघेल, पैसे टाकेपर्यंत कळत नाही. जुनी मालिका किंवा जुन्या काळाची मालिका म्हणजे बऱ्यापैकी कळलेला हिशेब. अमेरिकेत २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर 'द ऑफिस' ही मालिका साधारण ५७०० कोटी मिनिटं बघितली गेली, नील्सनचा आकडा आहे. ती मालिका संपून तेव्हा सात वर्षं झाली होती. लोक जेवताना लावतात, झोपताना लावतात, पुढे काय होणार ते माहीत असतं म्हणूनच लावतात. यंत्रणेला यातलं "आठवण" वगैरे काही कळत नाही. तिला एवढंच दिसतं की या माणसाने हे बंद केलं नाही.

मग प्रश्न येतो, कुणाचे जुने दिवस बनवायचे? जो वर्गणी भरतो त्याचे. सुरुवातीला वर्गणी भरणारा कोण होता? तिशी-चाळिशीतला, शहरातला, घरी ब्रॉडबँड असलेला. त्याचं बालपण नव्वदच्या दशकातलं आणि कॉलनीतलं. म्हणून पडद्यावर नव्वदचं दशक आणि कॉलनी. यात कुणाचा कट नाही. सरळ गिऱ्हाइकाचा हिशेब आहे. आमच्याकडे स्वस्त डेटा आला जिओबरोबर, २०१६ च्या सप्टेंबरनंतर. तोपर्यंत "नव्वदचं दशक म्हणजे काय" हे ठरून गेलं होतं.

मराठीतही तेच. 'दुनियादारी', २०१३, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवर, सत्तरच्या दशकातला पुण्याचा कट्टा. 'शाळा', मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवर, आणीबाणीचा काळ. दोन्ही मला आवडतात, 'शाळा' जरा जास्तच. पण एक जोडी मला कायम आठवते. २०१४ साल. जानेवारीत आला रवी जाधवांचा 'टाइमपास', फेब्रुवारीत नागराज मंजुळेंचा 'फँड्री'. दोन्हींत एक शाळकरी वयाचा पोरगा, दोन्हींत त्याला आवडणारी मुलगी वरच्या घरातली, दोन्हींत पोराचं घर गरीब. कागदावर लिहिलं तर गोष्ट जवळजवळ एकच. 'टाइमपास' नव्वदच्या दशकात नेतो आणि बाहेर येताना तुम्हाला परत तिकडे जावंसं वाटतं. 'फँड्री'तून बाहेर येताना कुणाला परत जावंसं वाटत नाही, त्यात शेवटी दगड सरळ आपल्याकडे येतो. 'टाइमपास'चा दुसरा भाग आला, तिसराही आला. 'फँड्री'चा दुसरा भाग कुणी मागितला नाही.

नॉस्टॅल्जिया हा शब्द कुठून आला ते मी मध्ये वाचलं. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या एका स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्रबंधात तो बनवला. घरी परतणं आणि वेदना, असे दोन ग्रीक शब्द जोडून. घरापासून लांब गेलेली स्विस माणसं झुरून आजारी पडायची, त्या आजाराचं ते नाव होतं. म्हणजे मूळ शब्दात वेदना आहे. आपण मराठीत त्याला म्हणतो स्मरणरंजन. वेदना काढून टाकली आणि रंजन घातलं! कुणी केला हा शब्द मला माहीत नाही, पण ओटीटीवरच्या मालासाठी याच्याइतका नेमका शब्द सापडणार नाही. त्या मालिकांमध्ये सगळं जे पिवळसर सोनेरी दिसतं ना, ते बघून बाबा एकदा म्हणाले, "आपल्याकडं पण उजेड पिवळाच व्हता. व्होल्टेज कमी असायचं."

बाबांना यातलं काहीच आवडत नाही. त्यांना जुने दिवस म्हटलं की कापसाचा भाव आठवतो आणि रात्री-बेरात्री आलेली लाइट. लोडशेडिंगच्या काळात बारा-बारा तास लाइट नसायची. मी पोरगा होतो, मला अंधारात गच्चीवर झोपायला मजा वाटायची. बाबा त्याच अंधारात बॅटरी घेऊन पाणी द्यायला शेतात गेलेले असायचे. एका रात्रीच्या दोन आठवणी आहेत, एकाच घरातल्या. मालिका बनली तर माझी बनेल, बाबांची नाही.

आणि बनेलच, मला खात्री आहे. अजून दहा वर्षांनी आमच्या वयाचे लोक पोटापाण्याला लागलेले, वर्गणी भरणारे असतील. मग येईल मेमरी कार्डची मालिका. मोबाइलच्या दुकानात जायचं, दोन जीबीचं कार्ड द्यायचं, दहा रुपयांत गाणी, वीस रुपयांत पिक्चर. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर फोल्डर असायचे. नवीन पिक्चर. साउथ हिंदी. लव्ह. सॅड. भीमगीत. बंजारा. गोंडी. तेलुगू पण, कारण इकडे अर्ध्या लोकांची सोयरीक तिकडची. आमच्या बसस्टँडजवळच्या दुकानातला दादा कार्ड हातात घेतल्या घेतल्या सांगायचा, "तुझं मागच्या वेळचं अर्धंच बघून झालंय, ते उडवू का ठेवू?" त्याला कसं कळायचं कोण जाणे. चोरीचा माल होता सगळा, हे मान्य आहे. त्या गोष्टीचं समर्थन करायला मी इथे बसलेलो नाही.

पण ते शेवटचे तीन फोल्डर होते ना, भीमगीत, बंजारा, गोंडी, त्यातला बराच माल चोरीचा नव्हता. तो आजूबाजूलाच बनलेला होता. लग्नाचं शूटिंग करणारे लोक हँडीकॅम घेऊन तांड्यावर, गुड्यावर, सहस्रकुंडच्या खडकांवर गाणी शूट करायचे, व्हीसीडी काढायचे आणि शे-दोनशे कॉपी बाजारात विकायचे.

माझे काका त्यातल्या एका गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. साधारण २००७ च्या जयंतीच्या आधी त्यांच्या पार्टीची एक व्हीसीडी निघाली होती. मुखपृष्ठावर काकांचा फोटो नव्हता, नाव होतं, तेही चुकीचं छापलेलं. काकांनी ते पेनने दुरुस्त करून घरी ठेवली होती. २०२१ च्या मे महिन्यात काका गेले. कोरोना. मी तेव्हा घरीच होतो.

त्यानंतर मी ती व्हीसीडी शोधायला लागलो. घरातली सापडली नाही, घर बांधताना सामान इकडचं तिकडे झालं होतं. यूट्यूबवर शोधलं. प्रल्हाद शिंदे मिळाले, आनंद शिंदे मिळाले, मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटवरचं पुष्कळ मिळालं. ते सगळं चांगलंच आहे, घरी वाजतंही. आमच्या पार्टीचं काही नाही. शूटिंगवाल्याकडे गेलो, तर त्याची हार्डडिस्क उडून जमाना झालेला. मोबाइलचं दुकान आता आधार आणि पीकविम्याचे फॉर्म भरतं.

विचार करा, मी जयपूरच्या एका काल्पनिक कुटुंबाचा १९९८ चा उन्हाळा या क्षणी दोन बटणं दाबून बघू शकतो, आणि स्वतःच्या काकांचे २००७ मधले हात बघू शकत नाही. यात ओटीटीचा काही दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी काकांना कशाला ठेवावं? पण मग ते आपल्यालाच ठेवावं लागणार, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मागच्या वर्षी हिमायतनगरच्या एका ओळखीच्या घरी एक कॉपी सापडली. त्यांनी ती कपाटाच्या दारावर चमकायला टांगली होती, चिमण्या येऊ नयेत म्हणून. चरे पडलेले होते. सगळी मिळून अकरा मिनिटं निघाली. कॅमेरा बहुतेक वेळ गायकावरच आहे. काका एका कोपऱ्यात, ढोलकी आणि मनगटापर्यंतचे हात, आणि एका गाण्यात गायक वाकतो तेव्हा दोन सेकंद चेहरा. आवाज मात्र पूर्ण आहे. आज्जींना दाखवलं. त्यांनी पूर्ण बघितलं, आणि मग म्हणाल्या, "परत लाव." रामायणाला नव्हत्या म्हणाल्या असं.

तर माझं आजचं मागणं असं आहे. किनवट, माहूर, हिमायतनगर, भोकर, बोधडी, आणि पलीकडे आदिलाबादकडचे जे कुणी ऐकत असाल, घरात जुन्या व्हीसीडी असतील तर फेकू नका. स्थानिक गाणी, तमाशा, गायन पार्टी, तांड्यावरचे अल्बम, गावचं नाटक, काहीही. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीवरचा रंगाचा थर उन्हाने खराब होतो, तेव्हा आधी ती उन्हातून आत घ्या. पुसायची असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. नवीन लॅपटॉपला सीडीची फट नसते, पण यूएसबीला लागणारा डीव्हीडी ड्राइव्ह जुना मिळतो, मी तसाच घेतलाय. सीडी उघडली की आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यात डॅट नावाने संपणारी फाइल असते. तीच मुख्य. ती जशीच्या तशी कॉपी करायची, व्हीएलसीमध्ये चालते. मध्येच कॉपी अडली तर सोडून देऊ नका, तुटक्या सीडीतून शक्य तेवढं ओढून काढणारी फुकटची सॉफ्टवेअर आहेत, त्यात मी मदत करेन. कुणाचं काम आहे, कोण गातंय, कुठे शूट झालं, हे माहीत असेल तेवढं एका कागदावर लिहून त्याचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका.

आत्तापर्यंत माझ्याकडे एकोणीस सीडी जमल्यात. सात पूर्ण निघाल्या. एका गोंडी अल्बममध्ये कोण गातंय ते अजून कळलेलं नाही, त्याचा तुकडा या भागाच्या शेवटी लावतोय. ओळखीचा आवाज वाटला तर खाली लिहा.